माहेरी राहिलेलं नाव

लग्न झाल्यापासून सुहासिनीचं आधीचं नाव माहेरीच राहत होतं. सांगलीत, विश्रामबागेतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, गॅलरीला लागून असलेल्या छोट्या खोलीत. शाल्मली म्हणायचे तिला. ती चोवीस वर्षांची होती आणि चोवीसचीच राहिली होती, कारण लग्नात सुहासिनी तेवढ्या वयाची होती आणि बाजूला काढून ठेवलेल्या नावाचं वय वाढत नाही. सकाळी ती दूध तापवायची, दुपारी लसूण सोलायची, शाल्मलीच्या नावानं आलेलं टपाल सही करून घ्यायची आणि संध्याकाळी आईबरोबर टीव्ही बघायची. घरात ती कुणाला जड नव्हती. आई तर येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगायची, "मुलगी दिली, पण नाव आहे हो आमच्याकडे."

सुहासिनीला या कौतुकाचा वीट आला होता.

नाव बदलायला कारण तरी काय मोठं लागलं होतं! नवऱ्याचं नाव सुहास, म्हणून बायकोचं सुहासिनी. जोडी जुळते, दारावरच्या पाटीवर शोभून दिसतं. शिवाय सासूबाईंनी साखरपुड्यातच शाल्मलीचा अर्थ विचारला होता आणि तिनं खरा अर्थ सांगायचा गाढवपणा केला होता. शाल्मली म्हणजे सावरीचं झाड. काटेसावर. "काटे असलेलं घरात कशाला?" असं म्हणून सासूबाईंनी लग्नात ताटात तांदूळ पसरले, सुहासनं अंगठीनं नवं नाव लिहिलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुहासिनी म्हणजे गोड हसणारी. गेली सोळा वर्षं तिला संताप आला की आधी हा अर्थ आठवायचा आणि मग संताप दुप्पट व्हायचा.

पाठवणीच्या वेळी शाल्मली गाडीशी येऊन उभी राहिली होती. गाडीत रुखवताची खोकी होती, जागा नव्हती. "चार दिवसांत येते तुला न्यायला," सुहासिनी काचेतून म्हणाली. मग सासूबाई असेपर्यंत नको म्हणून ती थांबली. सासूबाई गेल्या, तर वर्षश्राद्ध होईपर्यंत बरं दिसत नाही म्हणून थांबली. तोवर आधार, पॅन, पासबुक सगळीकडे सुहासिनी ऐसपैस बसली होती. एम.एस्सी.ची पदवी तेवढी शाल्मलीच्या नावावर. त्यामुळे पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेतल्या तिच्या नोकरीत कुठलाही कागद निघाला की शाल्मलीला सांगलीहून एस.टी.नं साताऱ्याला आणायचं, खिडकीपाशी दोघींनी शेजारी शेजारी उभं राहायचं, आणि साहेब दोघींकडे आळीपाळीनं बघून विचारणार, "यातल्या नक्की तुम्ही कोण?" सही झाली की तिला परत बसमध्ये बसवून द्यायचं. ती खिडकीतून हात हलवायची. "पुढच्या वेळी ठेवूनच घेते बघ," असं सुहासिनी दर वेळी म्हणायची आणि घरी जाऊन कुकर लावायची.

अशात तिच्या धाकट्या भावाला, केदारला मुलगी झाली. त्याचा फोन आला.

"ताई, रविवारी बारसं. आत्या तू, तेव्हा मान तुझा. नावाचं टेन्शन नाही, घरातच आहे."

"घरातच आहे म्हणजे?"

"शाल्मली गं. नुसती बसून असते. तूही वापरत नाहीस."

सुहासिनीनं फोन ठेवला, रजेचा अर्ज खरडला आणि गुरुवारी दुपारी सांगलीला पोचली.

दार शाल्मलीनंच उघडलं. एरवी दोघी उंचीला बरोबर होत्या. आज शाल्मली तिच्या खांद्याखाली येत होती आणि ओढणी जमिनीवर लोळत होती.

"बुटकी झालीस का गं?"

"कालपासून," शाल्मली म्हणाली. "कानातून जायचंय ना. आई म्हणाली, एकदम नको, हळूहळू केलेलं बरं."

आत दिवाणावर केदारची बायको तृप्ती बाळाला घेऊन बसली होती आणि शेजारी तिची आई. तृप्तीच्या माहेरी लिफ्ट बंद होती, म्हणून बाळंतिणीला तिकडे नेण्याऐवजी विहीणबाईच इकडे मुक्कामाला आल्या होत्या. आल्या त्या तयारीनंच. त्यांच्याकडे मोबाईल होता आणि मोबाईलमध्ये नावांची अख्खी खाण होती.

"या, सुहासिनीताई, बसा. ऐका." त्यांनी चष्मा वर केला. "शाल्मली. अर्थ : रेशमी कापसाचं झाड. मूळ : संस्कृत. लोकप्रियता : पाचपैकी साडेतीन तारे. या नावाच्या मुली शांत, आज्ञाधारक आणि कुटुंबवत्सल असतात."

शाल्मली कोपऱ्यात पाटावर बसून लसूण सोलत होती. सोळा वर्षं ती शांत आणि आज्ञाधारकच होती, तेव्हा खोटं पाडायलाही जागा नव्हती.

"काट्यांचं काही लिहिलंय का त्यात?" सुहासिनीनं विचारलं.

"काटे नाहीत. शुभ रंग आहे. तांबडा."

सुहासिनीला वाटलं, त्या मोबाईलला शुभ रंगाच्या डब्यात बुडवावं. नावाचं मूळ संस्कृतबिंस्कृत काही नव्हतं. नावाचं मूळ इंदूआत्या होती. ती मिरजेला शाळेत विज्ञान शिकवायची आणि शाळेच्या वाटेवर सावरीचं एक झाड होतं. सुहासिनी माघात जन्मली. तेव्हा त्या झाडावर एक पान नव्हतं आणि लालभडक फुलांनी ते गच्च भरलेलं होतं. "अंगावर पान नाही, आणि ऐट बघा," असं म्हणून इंदूआत्यानं ते नाव उचललं आणि कुणी अर्थ विचारायच्या आत भाचीच्या कानात सांगून मोकळी झाली. तेव्हा साऱ्या सांगलीत ती एकटी शाल्मली होती. शाळेत नव्या बाई आल्या की पहिल्या तासाला उभं राहून अर्थ सांगायला लागायचा, मग वर्ग हसायचा आणि मागच्या बाकावरून "काटा, काटा" ऐकू यायचं. ती रडत घरी आली की इंदूआत्या म्हणायची, "हसू दे. तुझं नाव त्यांना पाठ झालं ना?" पुढे कुठल्याशा मालिकेतल्या सुनेचं नाव शाल्मली निघालं आणि आता दर बालवाडीत दोन-दोन शाल्मल्या झाल्या. अर्थ कुणी विचारत नाही. तारे मोजतात.

"काकू, एवढं लोकप्रिय आहे तर बाहेरून नवी शाल्मली आणा की," ती म्हणाली. "हीच कशाला?"

"घरात असताना बाहेरून?" विहीणबाईंना ती कल्पनाच खर्चिक आणि अशुभ अशी दोन्ही वाटली. "बाहेरच्या नावाचं काय सांगावं? कुणाच्या कुठल्या कानातून आलेलं असतं. हे मुरलेलं आहे. आणि गुरुजींनी अक्षर 'सा' काढलंय. सा म्हणजे शा चालतं."

"मग सानिका ठेवा."

"आमच्या सोसायटीत तीन सानिका आहेत. त्यातली एक कुत्री."

"सायली."

"दर मजल्याला एक."

"साक्षी."

"कोर्टातलं वाटतं हो," तृप्ती पहिल्यांदाच बोलली आणि पुन्हा बाळाकडे वळली.

"ते नाव माझं आहे," सुहासिनी सरळ म्हणाली. आता आडून आडून बोलण्यात अर्थ नव्हता.

मग केदार, जो दारात पाळण्याचा आकडा हातात घेऊन उभा होता, समजुतीच्या सुरात म्हणाला, "ताई, तुझं कसं? तू सुहासिनी. तुझं नाव तुझ्या अंगावर आहे की."

"तुला मान नको असेल तर तसं सांगा," विहीणबाई म्हणाल्या. एवढ्या चिडल्या होत्या की त्यांची तू आणि तुम्हीमध्ये गल्लत झाली. "आमची धाकटी आहे. आत्या नसेल तिथे मावशी सांगते कानात. अडत कुणाचं नाही."

म्हणजे नाही म्हणायचीही सोय नव्हती. ती नाही म्हणाली तर शाल्मली मावशीच्या तोंडून जाणार, एवढाच फरक. रविवारी बाराच्या सुमारास ती जाणार हे पक्कं होतं, आणि एकदा कानातून आत गेलेलं नाव पुन्हा बाहेर येत नाही हेही पक्कं होतं. गॅलरीलगतच्या खोलीत बाळाचं कपाट ठेवायचं, हेसुद्धा ठरून गेलं होतं. केदारनं भिंतीचं माप घेतलं होतं.

शुक्रवारी सकाळी शाल्मली कमरेएवढी झाली. तिला ओट्यावरचं दिसेना, म्हणून आईनं तिला स्टूल दिलं. त्यावर उभी राहून ती दूध तापवू लागली. सुहासिनीनं ते बघितलं आणि सुहासला फोन लावला.

"शाल्मलीला आपल्याकडे आणू का?"

"किती दिवस?"

"कायमची."

"आण की," सुहास म्हणाला. माणूस वाईट नव्हता. "पण मग मी तुला काय म्हणायचं?"

"शाल्मली."

पलीकडे कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. "जमेल," तो म्हणाला. "हळूहळू जमेल. बरं, सुहासिनी, इस्त्रीचे कपडे कुठं ठेवलेस?"

तिनं फोन कट केला आणि स्वयंपाकघरात जाऊन आईपुढं उभी राहिली. नाव परत घ्यायचं तर एकच रीत होती आणि ती सगळ्यांना ठाऊक होती. कुणीतरी हाक मारायची आणि नावाच्या आधी आपण ओ द्यायची. आधी जो ओ देईल त्याचं नाव. सोळा वर्षांत आईनं तिला कधी नावानं हाक मारली नव्हती. सुहासिनी तिच्या तोंडी बसत नव्हतं आणि शाल्मली म्हणावं तर ती दुसरी ओढणी सावरत हजर व्हायची. म्हणून आई नुसतं "अगं" म्हणायची.

"आई, मला हाक मार."

"इथंच तर आहेस."

"तरी मार. नावानं मार. माझ्या नावानं."

आईनं पोळपाटावरचा हात थांबवला. तिनं एकदा स्टुलाकडे बघितलं, एकदा मुलीकडे, आणि म्हणाली, "शाल्मली."

"ओ," स्टुलावरून आवाज आला.

"परत."

"शाल्मली."

"ओ."

सुहासिनीचं तोंड उघडायचं तोवर ओ होऊन गेलेली असायची. तिनं शाल्मलीला गॅलरीत पाठवून दार लावून घेतलं. ओ दाराखालून आली. तिला गच्चीवर पाठवलं. ओ जिन्यावरून धावत आली, जरा दम लागलेली, तरी पहिलीच. पंधरा-वीस वेळा झालं. पोळी करपली. शेवटी आई वैतागून म्हणाली, "पुरे गं, माझा घसा दुखला," आणि पिठाचे हात धुऊन टाकले.

"तुला एकदा गप्प बसता येत नाही का?" सुहासिनी शाल्मलीवर ओरडली.

"मी मुद्दाम नाही करत," शाल्मली म्हणाली. "हाक आली की कसं गप्प बसायचं? तुला तरी कुठं जमलं होतं?"

तिला खरंच जमलं नव्हतं. लग्नाच्या दिवशी ताट उचलल्यावर सासूबाईंनी "सुहासिनी" अशी हाक मारली आणि ती लगेच ओ म्हणाली होती. मंडपात सगळे बघत होते, ओ न देणं बरं दिसलं नसतं. इतक्या सहज झालं होतं ते. आता तिला त्या ओचा इतका राग आला की तिनं करपलेली पोळी हातानं चुरून टाकली.

शनिवारी सकाळी शाल्मली वीतभर उरली. सुहासिनीनं मग कुणाला विचारलंच नाही. तिनं पर्समधला छोटा रुमाल पसरला, त्यावर शाल्मलीला बसवलं, चेन अर्धी उघडी ठेवली आणि "दुकानात जाऊन येते" असं सांगून रिक्षानं थेट स्टँड गाठला. साताऱ्याची गाडी लागलेली होती. ती खिडकीशी बसली, पर्स मांडीवर घेतली. आतून शाल्मली म्हणाली, "चार दिवसच झाले का?"

"गप. सुटू दे गाडी."

कंडक्टरनं बेल मारली. गाडी स्टँडच्या कमानीतून बाहेर पडते ना पडते, तोच पर्समधून अगदी स्पष्ट आवाज आला, "ओ." आणि पर्स हलकी झाली. तिनं चेन पूर्ण उघडली. नुसता रुमाल होता.

ती ओरडून गाडी थांबवून उतरली. घरी आली, तर विहीणबाई दुपट्यांच्या घड्या घालत होत्या आणि शाल्मली त्यांच्या शेजारी उभी राहून दुपट्याचं एक टोक धरत होती.

"कुठं गेली होती कोण जाणे," विहीणबाई म्हणाल्या. "मी हाक मारली तेव्हा आली."

सुहासिनीनं शाल्मलीला उचललं, खोलीत नेलं आणि कडी लावली. खोलीत बाळाचं कपाट येऊन पडलं होतं, त्यामुळे दोघींना कपाट आणि भिंत यांच्या मधेच बसावं लागलं. सुहासिनी तिरकी बसली. शाल्मलीला तिनं समोर वाटीत ठेवलं, कारण जमिनीवर पायाखाली यायची भीती होती. बोलता बोलता ती अंगठ्याएवढी झाली.

"तुला जायचंय का तिकडे?"

"हे मला कुणी विचारलं नव्हतं," शाल्मली म्हणाली. "तेव्हाही नाही."

"मी आत्ता विचारतेय."

शाल्मलीनं वाटीच्या काठावर हात ठेवले. "तिच्याकडे गेले तर मला रोज हाक मारतील. सकाळी उठवताना मारतील. शाळेत हजेरीला मारतील. जेवायला ये म्हणून मारतील. तुझ्याकडे आले तर कोण मारेल?"

सुहासिनीनं आठवून बघितलं. सुहास एरवी अगं म्हणायचा आणि काही सापडत नसलं तरच नाव घ्यायचा. प्रयोगशाळेत मॅडम. बिल्डिंगमध्ये काकू. भाजीवाला ताई म्हणायचा, सुहासची मावसभावंडं वहिनी म्हणायची, आणि केदारची पोरगी बोलायला लागली की आत्या म्हणणार होती. तिनं बोटं मोजायला घेतली आणि एकही बोट दुमडलं गेलं नाही. मग तिला रडू फुटलं. इतक्या वर्षांत ती नावासाठी एकदाही रडली नव्हती, नुसती चिडली होती. चिडणं सोपं असतं, तोंडाला काम मिळतं.

"मी मारीन," ती म्हणाली. "आरशासमोर उभी राहून मीच मारीन. रोज मारीन. पण तू माझी आहेस. मी तुला न्यायला आले आहे. उशीर झाला, मान्य आहे. पण आले आहे."

"मग आधी ओ दे," शाल्मली म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "मला काही अडवता येत नाही. तूच आधी दे."

तेवढ्यात बाहेरून कडी वाजली. विहीणबाईंना वाटी हवी होती.

रविवारी सकाळी शाल्मली साबुदाण्याएवढी झाली होती. आईनं ती वाटी देवासमोर ठेवली होती आणि वर पातळ फडकं टाकलं होतं. दहा वाजल्यापासून बायका यायला लागल्या. हॉल आधीच लहान होता, त्यात पाळणा टांगल्यावर तो इतका अरुंद झाला की बायकांना भिंतींना पाठी लावून आडवं सरकत जावं लागत होतं. नंतर आलेल्यांना तेही जमेना. त्या दारातच एकमेकींच्या खांद्यावरून बघत राहिल्या. घुगऱ्यांचं पातेलं डोक्यावरून हातोहात पुढं येत होतं. पाळण्याखालून आणि वरून बाळाला देणंघेणं झालं, वरवंट्याला झबलं घालून झालं, आणि मग कुणीतरी म्हणालं, "आत्या कुठंय? आत्या या."

सुहासिनीला नवीन साडी नेसवली होती. हिरवी. ती पाळण्यापाशी आली तशी विहीणबाईंनी चमच्यानं वाटीतून शाल्मलीला उचललं.

"तोंड उघडा. आ करा. मोठा."

"काकू, मला एक सांगायचं..."

"मग सांगा. आधी हे. जिभेवर ठेवते. गिळू नका हं, आमच्या बहिणीच्या नणंदेनं गिळलं होतं. मुलगी आठ वर्षांची झाली तरी तिला नुसतं बाळ म्हणतात."

चमचा जिभेला लागला. शाल्मली जिभेवर उतरली, दोन पावलं चालली आणि खालच्या दातांच्या मागे जाऊन बसली. तिला काही चव नव्हती. सुहासिनीनं तोंड मिटलं. आता तिला बोलता येणार नव्हतं, आणि हे विहीणबाईंनी मुद्दाम केलं की रीतच तशी होती, ते विचारायचीही सोय राहिली नव्हती.

तिनं गिळून बघितलं. काही खाली गेलं नाही. दुसऱ्यांदा गिळायला गेली तेव्हा शाल्मलीनं घाबरून दाताला मिठी मारली.

"वाका," मागून आवाज आला. "वाका की आत्या. मुहूर्त जातोय."

तिला वाकवण्यात आलं. पाळण्यात बाळ डोळे मिटून पडलं होतं, कान उघडा, कानामागे काजळाचा टिळा. सुहासिनीनं ओठ घट्ट मिटून धरले. रीतीप्रमाणे पाठीत धपाटे बसायला सुरुवात झाली. पहिले दोन-चार हसत हसत आले, मग मागच्या बायकांनाही पुण्यात वाटा हवा होता, त्यांनी पुढच्यांच्या हातांमधून हात घातले. "कुर्र म्हण, कुर्र," सगळ्या ओरडत होत्या. प्रत्येक धपाट्यासरशी शाल्मली दातामागून उसळायची आणि ओठांवर आतून आपटायची. नाकानं श्वास पुरेना. तिचे डोळे पाण्यानं भरले. ते बघून कुणीतरी म्हणालं, "आत्याला किती आनंद झालाय बघा."

पाळण्याच्या दुसऱ्या टोकाला आई उभी होती. दोरी तिच्या हातात होती. न ओरडणारी ती एकटीच होती. ती वाकलेल्या मुलीकडे बघत होती आणि तिचा चेहरा सकाळपासून होता तसा हसरा राहिला नव्हता. तिनं दोरी सोडली.

"हात काढा गं," ती म्हणाली. कुणी ऐकलं नाही. मग ती पाळण्यावरून पुढे झुकली, दोन्ही हातांनी सुहासिनीचा चेहरा धरला आणि सरळ तिच्या डोळ्यांत बघून, मोठ्यानं नाही, लहानपणी शाळेला उशीर झाला की मारायची तशी हाक मारली.

"शाल्मली."

पाठीवरचे हात जागच्या जागी थांबले. दातामागे शाल्मली उठून उभी राहिली. सुहासिनीनं तोंड उघडलं. तिच्या तोंडाखाली, वीतभर अंतरावर, बाळानं डोळे उघडले होते आणि त्याचेही ओठ गोल झाले होते.